वरच्या तीन ओळी

मालकांनी डबी टेबलावर आपटली. "हे बघा, बाई. समोरच्या कंपनीचा नवा स्क्रीन. बाजारात यायला अजून महिना आहे. एका गिऱ्हाइकाने नमुना आणून दिला."

त्यांनी बटण दाबलं. चार कोपऱ्यांत चार ठिपके, आधी तिरपे दोन, मग उरलेले दोन, चमकून विझले आणि अक्षरं उमटली.

प्रोग्रामरने डबी स्वतःकडे ओढली. ठिपक्यांची ही चाचणी तिचीच. स्क्रीनवरचा एकेक ठिपका कधी पेटवायचा नि कधी विझवायचा, हे सांभाळणारी लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, तिने दोन वर्षं खपून लिहिली होती. वापरणाऱ्याने नुसतं 'हे दाखव' म्हणायचं, बाकीची उस्तवार लायब्ररीची.

"चोरलीय," मालक म्हणाले. "आणि गेल्या महिन्यात लायब्ररीची प्रत असलेला पेनड्राइव्ह घरी नेणारा माणूस एकच. संध्याकाळी सोल्डरकाकांना घरचा रस्ता दाखवतो."

"संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या."

काकांना चोर म्हणायला तिची जीभ रेटेना. शिवाय एक गोष्ट खटकली होती. वरचे दोन ठिपके अगदी कोपऱ्यात नव्हतेच. स्क्रीनच्या वरच्या तीन ओळी कोऱ्या राहत होत्या.

काका सर्किट-बोर्डावर वाकून सोल्डरने तारा जोडत होते.

"पेनड्राइव्ह घरी का नेलात, काका?"

"त्यातले बोर्डाचे नकाशे बघायला. डोळे अधू झालेत, घरचा स्क्रीन मोठा आहे."

"कुणाच्या हातात दिलात?"

"बायकोलासुद्धा हात लावू दिला नाही." त्यांनी हातातली तार खाली ठेवली. "अगं, तुझ्या दादाच्या दुकानातला स्क्रीन पडून बिघडला, तेव्हा फुकट जोडून दिला मी. आणि आता मी चोर?"

तिने पेनड्राइव्ह मागून घेतला आणि त्यातल्या प्रतीवर नमुन्याची डबी चालवून पाहिली. अक्षरं थेट वरच्या कडेला जाऊन टेकली. एकही ओळ कोरी राहिली नाही. म्हणजे काच धडधाकट होती आणि चोरीला गेलेली प्रत ही नव्हती.

दादाच्या पडलेल्या स्क्रीनबद्दलचं काकांचं बोलणं तिला आठवलं. तिने पर्स उचलली.

दादाचं औषधाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. गिऱ्हाइकांचे नंबर दाखवणारा काउंटरवरचा स्क्रीन नवा कोरा दिसत होता.

"जुना कुठे गेला, दादा?"

"फार कटकट करायचा. टाकून दिला."

"आणि हा?"

"बाजारातून आणला. बस ना, उभी का?"

तिने स्क्रीन बंद करून चालू केला. चार ठिपके चमकले. वरचे दोन कोपऱ्यापासून खाली.

"हा बाजारात यायला अजून महिना आहे, दादा."

गोळ्यांची पट्टी कापणारी त्याची कात्री थांबली.

"तुझ्या पडलेल्या स्क्रीनच्या वरच्या तीन ओळी मेल्या होत्या," ती म्हणाली. "काकांनी तारा जोडल्या, पण त्या ओळी काही पेटल्या नाहीत. नवा घेऊ म्हटलं, तर तू म्हणालास, कशाला? म्हणून मी लायब्ररीत फेरफार करून सगळं तीन ओळी खालून सुरू केलं. इथेच, तुझ्या कॉम्प्युटरवर बसून. पुन्हा बिघडलं तर सोपं जावं म्हणून ती प्रत इथेच ठेवली. तो फेरफार दुसऱ्या कुठल्याही प्रतीत नाही. समोरच्या कंपनीने ती न वाचता जशीच्या तशी उचलली, म्हणून चांगल्या काचेवरही वरच्या ओळी कोऱ्या. आणि चोर म्हणून आज काकांची नोकरी जातेय."

दादाने मान खाली घातली. "ते मला त्यांच्या स्क्रीनची एजन्सी देणार आहेत. तुला काय, तू दुसरी लिहिशील."

"निदान विचारायचं तरी."

"दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

तिने काउंटरमागच्या खुर्चीकडे पाहिलं. "मी इथे कामाला बसले त्या दिवशी पंखा माझ्याकडे वळवलास, स्वतःची खुर्ची मला दिलीस. तेव्हाच ठरवलं होतंस का रे?"

त्याने पुन्हा गोळ्यांची पट्टी कापायला घेतली. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

"घरातली गोष्ट आहे, छोटे," तो शेवटी म्हणाला. "घरातच राहू दे. त्या काकांना काय, दुसरीकडे काम मिळेल."

तिने फोन लावला. "मालक, काकांना काढू नका. चोर सापडला."

"कोण?"

दादा हात जोडून समोर उभा होता.

"माझा सख्खा भाऊ," ती म्हणाली, आणि दुकानाचा पत्ता सांगू लागली.