पायात जोर नाही
मेस्त्रीच्या तोंडी लागायचं नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. हात सोन्याचे, पण जीभ कानशीची. गाडी आणणाऱ्याला तो आधी अक्कल शिकवायचा, पाना मग हातात घ्यायचा.

त्या दुपारी नर्सबाई एक जुनी मोटारसायकल ढकलत आल्या. वडील गेल्यावर गाडी त्यांच्याकडे आली होती.

“मेस्त्री, मागचा ब्रेक आपोआप लागतो. एरवी काही नाही. शाळेमागच्या उतारावर मात्र... कुणीतरी दाबल्यासारखा.”

“कुणीतरी!” मेस्त्री खो खो हसला. “सिस्टर, तुम्ही सुया टोचा. गाडीचं मला कळतं.”

त्या गेल्यावर त्यानं मागचं चाक उतरवलं. ड्रममधला, लायनर चाकावर दाबणारा कॅम ठणठणीत कोरडा, स्प्रिंग मेलेली, लायनर काचेसारखे गुळगुळीत. आत अडकलेला ब्रेक सुटेल कशाला? “हे बघा बाईंचं भूत,” तो तोंड वाकडं करून म्हणाला. कॅमला ग्रीस लावलं, स्प्रिंग आणि लायनर नवे घातले. चाक भिंगरीसारखं फिरलं.

गाडी उतारावर नेली. मध्यावर पेडल खट्‌कन खाली गेलं, चाक किंचाळलं आणि गाडी जागीच थांबली. मेस्त्रीचा पाय पेडलवर नव्हताच.

परत येऊन त्यानं पेडलपासून चाकाकडे जाणारा रॉडच सोडवला. आता पेडल दाबलं काय, न दाबलं काय, सारखंच. तरी उतारावर गाडी तिथंच थांबली.

मेस्त्रीचं डोकं फिरलं. एक भंगार गाडी आपल्याला खुळ्यात काढते? त्यानं लायनरही काढून टेबलावर आपटले. ड्रम रिकामा. चाकाला धरायला आत काही म्हणजे काही उरलं नाही. पुढच्या ब्रेकच्या भरवशावर तो तिसऱ्यांदा निघाला. या खेपेला त्यानं उजवा पाय मुद्दाम पेडलवर ठेवला.

शाळा सुटलेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाराही पडला होता. मध्यावर येताच जळक्या लायनरचा वास आला, आणि त्याच्या पायावर वजन पडलं. हळूहळू पडलं... थकलेल्या माणसानं अंगातलं सगळं बळ एकवटावं तसं. चाक किंचाळत थांबलं.

पाय उचलेना. आणि त्याला म्हातारा आठवला.

दोन महिन्यांपूर्वी नर्सबाईंचे वडील हीच गाडी घेऊन आले होते. “मागचा ब्रेक धरत नाही हो, मेस्त्री.” मेस्त्रीनं वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं. “ब्रेक ठणठणीत आहे, काका. तुमच्या पायात जोर नाही. काठी धरा आता, गाडी कशाला हवी?” चार लोक हसले होते. काकांनी वाकून काळ्या बुटाच्या नाडीला दुहेरी गाठ मारली आणि गाडी घेऊन ते मुकाट निघून गेले. चौथ्या दिवशी याच उतारावर त्यांची गाडी थांबली नाही.

“काका...” मेस्त्री म्हणाला. “पाय... काढा.”

मागच्या सीटवरून, अगदी कानापाशी, कुणीतरी दमलेल्या आवाजात विचारलं, “आता... आहे ना जोर?”

“आहे,” मेस्त्री म्हणाला. “चूक झाली, काका.”

वजन उतरलं. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. गाडी ढकलत आणून त्यानं लायनर, रॉड, सगळं परत बसवलं.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. “काय झालं होतं?”

“कॅम सुकला होता. लायनरही... कधीच बदलायला हवे होते.”

“बाबा तुमच्याकडे आले होते ना दाखवायला? काय म्हणाला होतात तुम्ही त्यांना?”

मेस्त्री फडक्यानं हात पुसत राहिला. पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिला. त्याच्याकडे एकदा नीट बघून त्यांनी गाडी सुरू केली. ती उतारावरून सुरळीत गेली, कुठेही अडली नाही.

तो पायी घरी पोहोचला. बायको दारातच थबकली.

“अहो, सकाळी चपला घालून गेला होतात ना? मग हा उजव्या पायात कुणाचा बूट?”

त्यानं खाली बघितलं. जुना काळा बूट, नाडीला दुहेरी गाठ. गाठ सुटेना. बायकोनं सुरी आणून नाडी कापली.

तरी बूट निघेना.