विसावं झाड

“पाहुणी? कुणाची पाहुणी?” सदाशिवकाकांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला.

“आमच्या क्वार्टरची!” वैजूचा मित्र श्याम ठणकावून म्हणाला. “नियम सातवा. मेंबरसोबत एक पाहुणा, एक तास. तुम्हीच तर लावलाय भिंतीवर!”

काकांनी वळून स्वतःच्याच अक्षरातला नियम वाचला आणि वही पुढे सरकवली. वैजूने पाहुण्यांच्या रकान्यात ‘वैजयंती’ असं लिहिलं. जन्मल्यापासून ती याच टाउनशिपमध्ये वाढली होती. क्लबच्या या कॉम्प्युटरच्या खोलीत तर ती स्वतःच्या घरासारखी घुसायची. आणि आता पाहुणी!

त्यांचं क्वार्टर आईच्या नावावर होतं. आई कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात होती. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००७ च्या पावसाळ्यात ती गेली, आणि या एप्रिलमध्ये क्वार्टर सोडावं लागलं. बाबा आणि वैजू आनंद नगरात दोन भाड्याच्या खोल्यांत राहायला आले. सायकलने जेमतेम पंधरा मिनिटांचं अंतर, पण त्या गल्लीत तिला हाक मारणारं कुणी नव्हतं. निम्मी सुट्टी तिने पंख्याकडे बघत काढली. बाबा अरेरा कॉलनीतल्या ऑफिसातून यायचे, जेवायचे, बातम्या लावायचे. आईचं नाव दोघंही काढत नसत.

क्लबच्या वेबसाइटवर गप्पांचं एक पान होतं. आई तिथे दर उन्हाळ्यात ‘पेड़ ढूँढो’ चालवायची. ती एकेका झाडाचं कोडं टाकायची आणि टाउनशिपभरची पोरं उन्हातान्हात ते झाड शोधत हिंडायची. एकोणीस झाडं सापडली होती. विसावं कोडं आईने हॉस्पिटलमध्ये लिहिलं होतं. वैजूने ते कधी वाचलंच नाही. आधी धीर झाला नाही, मग आज वाचू, उद्या वाचू करत दोन वर्षं गेली. मागच्या आठवड्यात एकदाचं मन घट्ट करून तिने सायबर कॅफेत ते पान उघडलं, तर समोर एकच ओळ: ‘हा सदस्य अस्तित्वात नाही.’ ती ओळ वाचून वैजू तिथेच ढसाढसा रडली होती.

“काका, आईची पोस्ट कुठे गेली?” आता तिने सरळ विचारलं.

“क्वार्टर सुटलं, मेंबर सुटला!” काका म्हणाले. नोकरीची तीस वर्षं त्यांनी क्वार्टर वाटण्याच्या टेबलावर काढली होती, आणि वेबसाइटही ते तशीच चालवत. एक तारखेला रिकाम्या क्वार्टरांची यादी आली, की तेवढी नावं खोडून मोकळे! “वीज तोडतात, नळ बंद करतात, तसंच हे. त्यात काय एवढं?”

वैजू कॉम्प्युटरकडे वळली. काकांशी आणखी बोलली असती तर पुन्हा रडू फुटलं असतं.

“छोड़ यार,” सबा तिच्या कानाशी कुजबुजली. सबा श्यामच्या शेजारच्या क्वार्टरमधली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र हिंदीतच! “भाईजान ने बताया है. सर्च इंजन हर पन्ने की नकल अपने पास रखता है. असली मिट जाए, तो भी नकल कुछ दिन रहती है.”

“कुछ दिन म्हणजे किती?” श्यामने विचारलं.

“जब तक वो दुबारा झाँकने न आए. आया, पन्ना नहीं मिला, तो नकल भी साफ़!”

म्हणजे घाई करायला हवी होती! श्यामने धडाधड ‘पेड़’ टाइप केलं. लाखो पानं निघाली. क्लबचं नाव घातलं, तर टेबल टेनिसचे निकाल आले.

“तिची एखादी ओळ सांग वैजू. जशीच्या तशी!”

वैजूने डोळे मिटले. दोन वर्षं ती आईचा आवाज आठवायचं टाळत आली होती. आता मुद्दाम आठवायचा होता. गॅलरीत उभी राहून केस बांधणारी आई, आणि खाली जमलेली पोरं...

“टोपी पहनी? पानी पिया? तो सुनो,” ती हळूच म्हणाली. “प्रत्येक कोडं असंच सुरू व्हायचं.”

श्यामने ती ओळ अवतरणचिन्हांत टाकली आणि खरंच, पाच निकाल आले! निकालाखालच्या ‘कॅश्ड’, म्हणजे जपलेली नक्कल, या बारीक अक्षरांवर त्याने टिचकी मारली. पान हळूहळू उघडलं. चित्रं गायब होती, पण अक्षरं होती. सगळ्यात वर आईचं नाव होतं: मालती.

“मिल गया!” सबा ओरडली.

“शांतता!” काका खेकसले. “आणि तास संपला. पाहुणीने उठावं!”

पेन ड्राइव्हवर जेमतेम दोन पानं उतरली होती. वैजूचा चेहरा पडला. सबाने मात्र शांतपणे वही ओढली.

“काका, अब ये मेरी मेहमान है. नियम सात.”

काकांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. नियमात कुठेही फट नव्हती!

तिसरं पान मिळालं, चौथंही मिळालं. मग पाचवं उघडलं. विसावं कोडं असणारं नेमकं तेच पान कोरं होतं. वर तारीख होती, सर्च इंजिन कालच तिथे डोकावून गेलं होतं.

“एक दिवस,” वैजू पुटपुटली. “मी एक दिवस आधी यायला हवं होतं.”

“थांब, थांब! सर्च इंजिन काय एकच असतं?” श्यामने दुसरं उघडलं, तीच ओळ टाकली. ते बेटं आळशी निघालं. महिनाभर इकडे फिरकलंच नव्हतं! आणि म्हणूनच पाचवं पान त्याच्याकडे जसंच्या तसं होतं.

विसावं कोडं मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘टोपी घातली? पाणी प्यायलात? मग ऐका. या झाडाला सगळे सायकली टेकवतात, पण नाव कुणी विचारत नाही. एकट्याने शोधू नका. तिघांनी हात धरून त्याला कवेत घ्या. हात पुरणार नाहीत. मग एका मोठ्या माणसाला बोलवा. आमच्या घरी असा एक माणूस आहे. त्याला हाक मारल्याशिवाय तो येत नाही, पण हाक मारली की येतो.’

वैजूने ते तीनदा वाचलं. श्यामने ते छापायला दिलं. प्रिंटरमधून कागद उचलता उचलता काकांनीही वाचलं.

“मी तर फक्त मेंबर काढला होता,” ते चाचरत म्हणाले.

“मेंबर काढला की त्याने लिहिलेलं सगळंच जातं, काका,” श्याम म्हणाला. या खेपेला तो ठणकावून बोलला नाही.

सायकलींचं झाड शोधायला लांब जायचं नव्हतं. तिघांच्या सायकली त्यालाच तर टेकल्या होत्या! क्लबच्या फाटकाशी भला थोरला शिरीष उभा होता. बाहेर गरम वारा सुटला होता. तिघांनी सायकली बाजूला केल्या, हात धरले आणि खोडाला मिठी मारली. वैजू आणि सबा यांच्यामध्ये हातभर जागा उरली.

तेवढ्यात फाटकातून बाबांची स्कूटर आत आली. शनिवारची अर्धी सुट्टी होती, आणि एवढ्या उन्हात पोरगी सायकलने येऊ नये म्हणून ते तिला न्यायला आले होते. नेहमीसारखे ते लांबच थांबले.

“बाबा!” वैजूने हाक मारली. “इकडे या! हात कमी पडतोय!”

बाबांनी स्कूटर स्टँडला लावली, जवळ आले आणि एका हातात वैजूचा हात धरला, दुसऱ्या हातात सबाचा. त्यांचा गाल खोडाला टेकला होता.

“मालतीने मला असंच उभं केलं होतं,” ते म्हणाले. “खोड मापायला. सगळे बघत होते, मला इतकी लाज वाटली होती!” आणि ते हसले. वैजूने त्यांचा हात आणखी घट्ट धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा ते नाव तिला बाबांच्या तोंडून ऐकू आलं होतं.

सदाशिवकाका पायरीवर उभे होते. “शाबास रे पोरांनो!” ते म्हणाले. “मी तीन मिनिटांत पुसलं, ते तुम्ही दोन तास खपून परत आणलंत. ही पाचही पानं आज वेबसाइटवर चढतील. आणि यापुढे यादी बघून एकही नाव खोडणार नाही!”

मग ते आतून मेंबरांची जाडजूड वही घेऊन आले. “वैजयंती, तुझं नाव लिहितो. पण...” त्यांचं पेन रकान्यावर अडलं. “क्वार्टर नंबर? हा रकाना रिकामा ठेवता येत नाही गं.”

काकांनी मान वर करून शिरीषाकडे पाहिलं, आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘झाड क्रमांक २०.’