शून्य सावलीचा दिवस

भर दुपारी, उघड्या उन्हात, पाच कुत्री एका सरळ रेषेत झोपली होती. शेपटीला डोकं, डोक्याला शेपूट. रेषा पूर्व-पश्चिम होती. तिसऱ्या आणि चौथ्या कुत्र्याच्या मध्ये एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी जागा मोकळी होती.

सत्यशीलाने स्कूटर थांबवली. जवळच कडुनिंबाची दाट सावली होती, आणि तिच्यात कुणीच नव्हतं.

जागा तिच्या ओळखीची होती. भिंगारच्या छावणीत जुन्या बराकींना लागून लष्कराच्या कारखान्याच्या इमारती होत्या. त्या गेल्या हिवाळ्यात पाडल्या. आता काळ्या दगडांचे ढीग, गंजके बोल्ट आणि तेल पिऊन काळवंडलेला कोबा एवढंच उरलं होतं. तिचे वडील सूर्यभान इथे फिटर होते. जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर येऊन, उत्तरेच्या भिंतीला पाठ टेकून, सावलीत डबा खायचे. बारा वर्षांपूर्वी अशाच उन्हाळ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि भिंतीपाशी अर्धी भाकरी उरलेला डबा तेवढा सापडला. फाटकातून बाहेर पडताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून तिची आई, भीमाबाई, रोज दुपारी त्यांचं ताट वाढत होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असा रिवाज. ती मुदत यंदा भरली. काष्टीहून चुलते पुंजाराम दोनदा येऊन विचारून गेले. आईचं उत्तर ठरलेलं होतं, "सत्या शिकलेली हाय. ती म्हनंल तवा करू." आणि ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सत्यशीलाचंही ठरलेलं होतं, "पुरावा कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेतला तापमापक घेऊन आली.

"कुत्र्यांचा ताप मोजताय का काय, मॅडम?" ठेकेदाराचा राखणदार गोरक्ष दगडावर बसून तंबाखू मळत होता. "झोपलेत कशी बघा. परेडला लावल्यावानी."

"मधली जागा का सोडतात?"

"त्यांनला इचारा." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मी बी तितं बसत न्हाई. एकदा बसलो हुतो. कुनीतरी जरा सरकून जागा दिल्यावानी वाटलं."

ती कामाला लागली. उन्हातला कोबा चोपन्न अंशांवर होता. कुत्री झोपली होती त्या पट्ट्यात चाळीस. पट्टा दोन फूट रुंद होता आणि त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. एका बोटावर ऊन पोळत होतं, शेजारच्या बोटाला गारवा लागत होता.

"इथली उत्तरेची भिंत किती उंच होती?"

"ईस फूट तरी असंल."

तिने हिशेब केला. एप्रिलच्या शेवटी, या गावात, ऐन माध्यान्ही, वीस फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला दोन फूट पडायला हवी. तिने हिशेब पुन्हा केला.

मग तापमापक मोकळ्या जागेत टेकवला. आकडा सदतीसवर थांबला.

दुसऱ्या दिवशी ती ऊन यायच्या आत आली. सगळी जमीन रात्रभर निवून अठ्ठावीसवर आली होती. मोकळी जागा सदतीसवरच होती.

भोवतालचं तापमान कितीही बदललं तरी जे स्वतःचं तापमान सोडत नाही, ते जिवंत... हे वाक्य ती दरवर्षी वर्गात सहज पुरं करायची. आज तिने ते मनातसुद्धा पुरं केलं नाही.

सूर्य दिवसेंदिवस माथ्याकडे सरकत गेला तसा पट्टा आक्रसला. कुत्री अंग चोरून झोपू लागली. मधली जागा मात्र होती तेवढीच राहिली.

मेच्या मध्याला नगरला शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य ऐन डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच विरते. पट्ट्यात होती ती सावलीच असेल, तर त्या दिवशी तिला नाहीसं व्हावं लागेल. भिंत असो वा नसो.

तिने आईला एवढंच सांगितलं की, बाबांच्या भिंतीपाशी जायचंय. आईने काही विचारलं नाही. भाकरी आणि ठेचा डब्यात भरला, वर फडकं बांधलं आणि स्कूटरवर मागे बसली.

"मावशी, बसा निवांत," गोरक्ष म्हणाला. "उद्यापासनं न्हाई बसता यायचं. काँक्रीट पडनार हाय."

सत्यशीलाने एक लांब बोल्ट कोब्यावर उभा केला. त्याची सावली आखडत चालली. साडेबाराच्या जरा आधी ती दिसेनाशी झाली.

कुत्री उठली. पाचही, एकदम. पाय उचलत, चटके खात ती कडुनिंबाखाली गेली.

पट्ट्यात त्रेपन्न.

मोकळ्या जागेत सदतीस.

"किती हाय?" आईने विचारलं.

"सदतीस."

"म्हंजी?"

सत्यशीलाने तापमापक उचलून बाजूला ठेवला.

आई वाकली. तिने तळवा तिथे टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"अजून जेवत्यात," ती हळूच म्हणाली. "म्या रोज वाढत ऱ्हायले. भरल्या ताटावरनं ते कवा उठले न्हाईत."

गोरक्ष तंबाखू मळायचा थांबला होता.

आईने डबा पुढे ओढला. फडक्याच्या गाठीवर हात ठेवला आणि लेकीकडे पाहिलं.

"सोडू का? तू सांग."

कडुनिंबाखालून एक कुत्रं परत आलं. मोकळ्या जागेसमोर थांबलं आणि त्याने कान पाडले.

वारा नव्हता.

त्याच्या मानेवरचे केस दबले. दबत दबत पाठीपर्यंत गेले. मग पुन्हा मानेपासून.

कुत्र्याने डोळे मिटून घेतले.

सत्यशीलाने आईचा हात गाठीवरून काढला.

"नको सोडूस, आई," ती म्हणाली. "पुंजारामकाकांना बोलाव. बाबांना अग्नी देऊ."