झाकल्या तोंडाची गोळी

गोळी सुटली तेव्हा सगळे मुखवटेवाले चिखलात पालथे पडून एका कोंबड्याच्या मागे लागले होते.

क्लोफास विद्रिनच्या अंगणातला चिखल म्हणजे काय सांगावं! मागे त्यात एक खेचर बुडालं, ते लुइझियानाच्या दुसऱ्या टोकाला वर आलं, तेही तोंडात मासा धरून. खोटं वाटत असेल तर माशाला विचारा.

पण मार्दी ग्राच्या, म्हणजे मुखवटे चढवून घरोघर कोंबडे पकडायच्या सणाच्या, त्या सकाळी कोणी हसलं नाही. गोळी कोठाराच्या पत्र्यातून आरपार गेली, कोंबडा पसार झाला, आणि पोलीस डेप्युटी अझेमा गियोरीची गाडी फाटकात येईपर्यंत पिस्तूल सापडलंही होतं. रेमी फ्यूझेलिएच्या खोगिराच्या पिशवीत.

"मी नाही मारली, मावशी!" रेमीनं मुखवटा ओढून काढला. टोपीपासून बुटांपर्यंत तो चिखलानं काळा झाला होता.

"कोणाला लागली?" अझेमानं विचारलं.

"माझ्या पत्र्याला," म्हातारा क्लोफास गुरगुरला.

"लागो न लागो, ह्याला न्यावंच लागेल," खेळाचा कप्तान आल्से लातिओले घोड्यावरून म्हणाला. मुखवटा नसलेला तो एकटाच. "परगण्याचा नियम आहे. आजच्या दिवशी तोंड झाकायला मोकळीक. पण झाकल्या तोंडाच्या माणसाकडे बंदूक निघाली, की सरळ तुरुंग."

नियम खरा होता. आमच्याकडे उघड्या तोंडानं तोफ ओढत नेलीत तरी लोक फक्त रामराम करतील. मुखवट्यासोबत साधं पिस्तूलही मात्र चालत नाही.

कुंपणाला धरून रेमीची बायको सोलांज उभी होती. तिचे दिवस भरत आले होते. तिनं एकच विचारलं, "बाळ जन्मेल तेव्हा हा कुठे असेल, मावशी?"

अझेमा क्लोफासच्या बायकोकडे वळली.

"काय पाहिलंस, यूलाली?"

"कोठाराशी मुखवटेवाला उभा. हात वर केला, आणि धाड्!"

"कपडे?"

"पिवळे. उन्हात सूर्यफुलासारखे लखलखत होते. पिवळा तर रेमीच घालतो."

"तोंड दिसलं?"

"तोंड दिसलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? मीच पळी घेऊन धावले असते!"

अझेमा रेमीकडे आली. "सकाळी झडती झाली होती?"

"सगळ्यांसमोर. कप्तानानं प्रत्येकाचे खिसे, पिशव्या, बूटसुद्धा चाचपले. दरवर्षी चाचपतो."

"घोडे कुठे होते?"

"कुंपणाबाहेर, कप्तानाजवळ."

तिनं रेमीचा मुखवटा उचलला. खिडकीच्या तारेची जाळी, वर रंगवलेलं तोंड. आतल्या कडेला मऊ कापड शिवलेलं.

"हे कापड?"

"सोलांजनं शिवलं. नाहीतर तार हनुवटी सोलते. सगळेच शिवून घेतात."

मग ती कप्तानाच्या घोड्याशी गेली. "तू काय पाहिलंस, आल्से?"

"काही नाही. मी झुडपांपलीकडे, घोड्यावर. झेंडा सगळ्यांना दिसत होता."

"दिसत होता," चिखलातून सगळे एका सुरात म्हणाले. खेळाची रीतच तशी. पांढरा झेंडा उभा आहे तोवर कप्तान जागेवर आहे. झेंडा खाली आला की खेळ संपला, मुखवटे उतरले.

"एवढ्या उन्हात गळपट्टा कानापर्यंत?"

"घसा बसलाय."

अझेमानं झेंड्याच्या दांड्याचं खालचं टोक बोटानं पुसलं. बोट पाहिलं. मग ती अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"क्लोफास, आज गंबो रश्श्याच्या पातेल्याशी तू काय जाहीर करणार होतास?"

म्हातारा चाचरला. आल्सेच्या आधी कप्तान तोच होता, आणि नवा कोण हे ठरवण्याचा मान अजून त्याचाच. "पुढल्या वर्षीपासून कप्तान रेमी. आल्सेला परवाच कानात सांगितलं होतं."

"आता ऐका," अझेमा म्हणाली. "यूलालीनं लखलखीत पिवळा पाहिला. रेमीकडे बघा, पिवळा शोधून दाखवा! गोळी मारणारा चिखलात उतरलाच नव्हता. मग चिखलात नव्हतं कोण?"

"पण झेंडा..." कोणीतरी म्हणालं.

"झेंडाच पाहिलात. खालचा माणूस कोणी पाहिला? दांड्याच्या टोकाला ओला चिखल आहे. झेंडा झुडपामागे रोवला होता. तुम्हाला तो उभा दिसला, आणि माणूसही आहे असं तुम्ही धरून चाललात. दुसरं कोणी असतं तर खात्री करायला डोकावला असतात. कप्तानाकडे कोण डोकावतो? झडती सगळ्यांची तोच घेतो. त्याची कोण घेतं? पिस्तूल त्यानंच आणलं, आणि काम झाल्यावर बाहेर बांधलेल्या घोड्यांपैकी रेमीच्या घोड्यावर ठेवलं."

"आणि मारलं पत्र्याला?" आल्से हसला, पण हसू बसल्या घशासारखं निघालं.

"माणसाला मारायची गरजच नव्हती. मुखवटा आणि बंदूक, बास. नियम तूच म्हणून दाखवलास. आता गळपट्टा काढ."

आल्से हलला नाही. क्लोफासनं पुढे होऊन गळपट्टा खेचला. हनुवटीखाली, या कानापासून त्या कानापर्यंत, ताजी लाल रेघ होती. तारेनं सोललेली.

"इतकी वर्षं उघड्या तोंडानं हिंडलास," अझेमा म्हणाली. "मुखवट्याला आतून कापड लावतात हे तुला कुठून ठाऊक असणार?"

त्याच्या घोड्याच्या झुलीखाली पिवळा झगा निघाला. मुखवटा खोगिराखाली चेपलेला होता.

"तो झेंडा माझा आहे," आल्से पुटपुटला. "माझ्याशिवाय तो कोणी धरलेला मला बघवला नसता."

"उघड्या तोंडानं पत्र्याला गोळी घातली असतीस तर फक्त पत्रा भरून द्यावा लागला असता, गाढवा," अझेमा म्हणाली आणि तिनं गाडीचं मागचं दार उघडलं.

क्लोफासनं दांड्याचं टोक सदऱ्यानं स्वच्छ पुसलं आणि झेंडा रेमीपुढे धरला. रेमीनं तो दोन्ही हातांनी घेतला.

"मुखवटा सोलांजकडे दे, पोरा," म्हातारा म्हणाला. "आजपासून तुला तोंड लपवायची सोय नाही. आणि आधी तो कोंबडा शोधायला लाव यांना. पातेलं कधीचं उकळतंय."