हळद लागलेलं ड्रिल

ड्रिल सापडलं, आजोबांनी मुलांची पाठ थोपटली आणि सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्लं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. काहीही सापडलेलं नाही. अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत सुट्टीतला शनिवार उजाडला आहे आणि रुहीचे बाबा गॅरेजमधल्या एका रिकाम्या खिळ्याकडे बघत उभे आहेत.

"इथे आजोबांनी दिलेलं ड्रिल होतं," रुही म्हणाली.

"हं," बाबा म्हणाले.

"आजोबा संध्याकाळी मिरजेहून येतायत! फोनवर काय म्हणाले? 'ते ड्रिल नीट आहे ना?' तुमची तब्येतसुद्धा विचारली नाही!"

हिवाळ्यात बाबांना एक छंद जडला होता. लोक मांजरं पाळतात, बाबा हातानं फिरवायची जुनी ड्रिलं पाळायचे. गुरुवारी त्यांनी 'फालतू' ड्रिलं खोक्यात भरून जुन्या वस्तू विकणाऱ्या मिस्टर डॉयलना दिली आणि बदल्यात एक दुर्मिळ ड्रिल आणलं. ते फिरत नव्हतं. दुर्मिळ ड्रिलं फिरत नसतात, असं बाबांचं म्हणणं होतं.

"मी काय चुकून ते खोक्यात टाकीन?" बाबांनी विचारलं.

"डेफिनेटली, काका," शेजारचा वीर म्हणाला. त्याच्या टी-शर्टवर कालच्या वरणाचा डाग होता.

रुही, वीर आणि रुहीची मावसबहीण गिरिजा सायकलींवर निघाले. बाबा मागून गाडीतून निघाले आणि रस्ता चुकले.

जुन्या वस्तूंच्या बाजारात मिस्टर डॉयलच्या टेबलावर ड्रिलांची रांग होती. सगळ्यांची चाकं लाल, सगळ्यांच्या मुठी लाकडी, सगळ्यांची नावं झिजलेली!

"यातलं तुमचं कोणतं? सिद्ध करा, लगेच देतो," मिस्टर डॉयल इंग्रजीत म्हणाले.

तेवढ्यात बाबा पोचले. "बाजूला व्हा! मला ओळखता येतं!" त्यांनी एक ड्रिल छातीशी धरलं. "हेच! माझ्या बाबांच्या हाताचा स्पर्श जाणवतोय!"

"ते मी आज घरून आणलंय," मिस्टर डॉयल म्हणाले.

बाबांनी स्पर्श परत ठेवला.

रुही वीरच्या टी-शर्टकडे बघत होती. "खंडेनवमीला आई सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावते!"

"हो, गेल्या वर्षी लॉनमोअरला पण लावलेलं," गिरिजा म्हणाली.

"तेव्हा आपल्याकडे एकच ड्रिल होतं! बाकीची नंतर आली. म्हणजे हळद एकाच ड्रिलवर असणार!"

"पण सगळ्यांच्या दात्यांत पिवळंच काहीतरी आहे यार," वीर म्हणाला.

"ग्रीस," मिस्टर डॉयल म्हणाले.

"वीर, काल डागाला साबण लावल्यावर काय झालं?"

"लाल झाला. आई ओरडली."

गिरिजानं साबणाची वडी मागून आणली. प्रत्येक ड्रिलचे दाते वेगवेगळ्या कागदी नॅपकिननं पुसले आणि नॅपकिनांना ओला साबण लावला. पिवळा राहिला. पिवळा राहिला. पिवळा राहिला. शेवटचा लालभडक झाला!

"ग्रीस असं करत नाही," मिस्टर डॉयल गंभीरपणे म्हणाले आणि ते ड्रिल रुहीच्या हातात दिलं.

संध्याकाळी आजोबांनी सगळं ऐकलं, मूठ धरून चाक फिरवलं. गुर्रर्र! "शाब्बास, पोरांनो!" मग ते बाबांकडे वळले. "मोहन, तुझ्याहून ही पोरं हुशार!"

"तुमचं ड्रिल वाचलं, आजोबा!" रुही म्हणाली.

"माझं? हे मिरजेतल्या आमच्या शेजारच्या पुरुषोत्तमचं! मोहन अमेरिकेला निघाला तेव्हा मी घाईत त्याला देऊन टाकलं. तेव्हापासून पुरुषोत्तम माझ्याशी बुद्धिबळ खेळत नाही. परत न्यायलाच तर आलोय!"

आइस्क्रीम खाता खाता मुलांनी अर्ज लिहिला:

*मा. सुरक्षा अधिकारी, बॉस्टन विमानतळ, यांस,*

*विषय: ड्रिल मांडीवर घेऊन बसण्याबाबत.*

*महोदय, आमच्या आजोबांना परतीच्या प्रवासात सदर ड्रिल विमानात, खिडकीच्या सीटवर, उरलेल्या हळदीसकट नेण्याची परवानगी मिळावी. ते एकदा हरवलेलं असल्यामुळे सामानात देता येत नाही. आजोबा विमानाला भोक पाडणार नाहीत, असं त्यांनी तोंडी कळवलं आहे. ड्रिल रुहीच्या बाबांकडे मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नये, ही नम्र विनंती.*