सोमवारी शेळ्या येणार

सोमवारी शेळ्या येणार होत्या आणि त्याआधी मला नखाएवढं एक निळं फुलपाखरू शोधायचं होतं. मोहिमेचा हेतू एवढाच. कोणाला हा पोरखेळ वाटेल, तर वाटू दे. त्यासाठी मी जीव धोक्यात घातला, आणि परत घालीन.

कॅलिफोर्नियातल्या पासो रोबल्स गावाच्या पश्चिमेला सांता लुसिया डोंगररांग आहे. तिथल्या एका घळीच्या तळाशी, कोरड्या ओढ्याच्या काठावर, बकव्हीटची रानटी झुडपं वाढतात. उत्तर हिंदुस्थानात उपवासाला ज्या कुट्टूचं पीठ खातात, त्याच्याच कुळातली ही. म्हणून मी आणि नीलानं त्यांचं नाव रानकुट्टू ठेवलं होतं. ते निळं फुलपाखरू रानकुट्टूवर जन्मतं, त्याच्यावरच अंडी घालतं आणि त्याच्या आसपासच मरतं. झुडूप संपलं की ते संपलं. त्या घळीत ते पूर्वी दिसल्याची एक जुनी नोंद होती. त्यानंतर कोणालाच दिसलं नव्हतं.

आता त्या डोंगराची देखभाल करणाऱ्या संस्थेनं वणव्याच्या भीतीनं भाड्याच्या शेळ्या आणायचं ठरवलं होतं. शेळ्या वाळलेलं गवत खातात, मग पेटायला काही उरत नाही. कल्पना झकास! पण शेळीला गवत कुठलं आणि रानकुट्टू कुठलं? मी संस्थेला मेल केला. तिथल्या बाईंचं उत्तर आलं: फुलपाखरू आहे याचा पुरावा द्या, तेवढा तुकडा वगळू. पुरावा म्हणजे स्पष्ट फोटो, नाहीतर दोन माणसांनी एकाच वेळी पाहिल्याची नोंद. एकट्या माणसाचं पाहणं धरलं जात नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं म्हणून मी खूप चिडचिड केली. पण नियम खोटा नव्हता. तापलेल्या उन्हात एकट्या माणसाला काय वाटेल ते दिसतं.

दुसरं माणूस म्हणून नीला येणार होती. ती माझी शेजारीण. चार उन्हाळे आम्ही दोघींनी या डोंगरात फुलपाखरांच्या नोंदी केल्या. मग तिच्या नवऱ्याची नोकरी एडिसनला गेली आणि ती देशाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"हिमानी, यार, सॉरी. मी फ्लाइट कॅन्सल केली. आन्याला खूप ताप आहे."

"अगं, मग बरोबरच केलंस," मी म्हटलं.

"तू एकटी जाऊ नकोस हं. प्रॉमिस कर."

मागून तिच्या लेकीचा किरटा आवाज आला, "मम्मा, हू इज इट?" नीला म्हणाली, "हिमानी मावशी." त्यावर पोरगी म्हणाली, "हू?"

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरातली भांडी घासायला घेतली. मला रडू येत होतं आणि रडण्यासारखं काही घडलं नव्हतं. ती पोरगी माझ्या मांडीवर वरणभात खायची! नोंदीच्या ॲपमध्ये 'दुसरा निरीक्षक' असा एक रकाना असतो. नीला गेल्यापासून त्यात मी दर शनिवारी 'कोणी नाही' असं भरत आले होते. एकटा जीव सदाशिव म्हणायला मजा वाटते, दर शनिवारी लिहून बघा.

मी प्रॉमिस केलं नव्हतं. पहाट व्हायच्या आत थालीपिठं बांधली, पाणी घेतलं आणि निघाले. दुसरं माणूस नाही तर नाही, फोटो तर काढता येईल!

गाडी लोखंडी फाटकापाशी ठेवून मी चढायला लागले तेव्हा समुद्राकडून आलेलं धुकं खालच्या दरीत भरलं होतं आणि ओकची झाडं त्यात गळ्यापर्यंत बुडाली होती. इथला उन्हाळा कळायला मला बराच काळ लागला. आपल्याकडे जमीन तापते ती पावसाच्या भरवशावर. इथे एप्रिलमध्ये पाऊस जातो तो थेट नोव्हेंबरकडे तोंड दाखवतो. भूमध्य समुद्राकाठी असतं तसं हवामान, असं पुस्तकं सांगतात. हिवाळ्यात पोपटी दिसणाऱ्या टेकड्या जुलैत करपलेल्या भाकरीच्या रंगावर येतात, झुडपांची पानं तेलकट आणि टणक होतात आणि सगळं रान श्वास रोखून बसतं. मे महिन्यात एका फेरीत फुलपाखरं मोजताना दमायला व्हायचं. जूनमध्ये ती विरळ झाली. जुलैच्या फेऱ्यांत मी शून्य लिहून परत येत होते. शून्यसुद्धा लिहावंच लागतं, हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात प्रामाणिक कलम.

धुकं विरलं आणि ऊन चढलं. वाट झुडपांत हरवली. अंगाला खाज आणणारं पॉयझन ओक चुकवत, वाकत, कधी रांगत मी घळीच्या वरच्या कड्याशी पोचले. खाली वाकून पाहिलं तर दूर, घळीच्या तळाशी, गंजक्या गुलाबी रंगाचा एक पट्टा दिसत होता. रानकुट्टू!

मी एका खडकावर हात टेकला आणि पाय पुढे टाकला.

खुळखुळ!

हातापासून वीतभर अंतरावर वेटोळं घालून रॅटलस्नेक बसला होता. शेपटी थरथरत होती. डोकं उचललेलं! मी हात मागे ओढला, तोल गेला आणि घसरले! मुरूम, दगड, काटे! हाताला येईल ते झुडूप धरलं, ते मुळासकट उपटलं. पुन्हा घसरले. पाय कशात तरी अडकला, पिरगळला आणि मी धाडकन घळीच्या कोरड्या ओढ्यात येऊन पडले.

साप वर राहिला होता, हे त्यातल्या त्यात बरं. मी हात हलवून पाहिले, मान फिरवून पाहिली. डावा घोटा सुजायला लागला होता. पाण्याची बाटली घरंगळताना फुटली होती. फोन खिशातून निसटून दगडावर आपटला होता, काचेचा चुरा झाला होता आणि काही केल्या चालू होईना. दुष्काळात तेरावा महिना! फोटो गेला, पाणी गेलं, मदत बोलावायचं साधनही गेलं. मी इथे आहे हे जगात कोणालाही माहीत नव्हतं. नीलाचं ऐकलं नाही, आता भोग, असं मी मोठ्यानं म्हटलं. माझाच आवाज घळीत फिरून परत आला आणि मी खरोखर घाबरले.

वर चढणं अशक्य होतं. ओढ्यानं खाली जायचं, एवढाच मार्ग होता. एक काठी शोधली आणि लंगडत निघाले. सूर्य डोक्यावर आला. जीभ टाळूला चिकटली. दगड इतके तापले होते की बसण्याचीही सोय नव्हती. मध्येच मला वाटलं, आपण इथे संपलो तर आधी कोणाला कळेल? ऑफिसला. सोमवारी मीटिंगला आले नाही म्हणून. या विचारानं मला तहानेपेक्षा जास्त त्रास झाला.

आणि मग काळसर, पंखांवर पांढरा पट्टा असलेलं एक फुलपाखरू माझ्या कानाजवळून गेलं. थोड्या वेळानं दुसरं. मग एक तपकिरी, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असलेलं. सगळी ओढ्याच्या खालच्या अंगाला निघालेली! जुलैत, या भाजक्या रानात, ही एकाच दिशेला कुठे चालली होती?

ओली माती! फुलपाखरं ओल्या मातीतले क्षार शोषायला जमतात. मी काठी टेकत त्यांच्या मागे निघाले. पडले, उठले, पुन्हा निघाले! वळण ओलांडलं आणि एका मोठ्या सिकमोर झाडाखाली वाळूचा काळा, ओला डाग दिसला. त्यावर फुलपाखरं दाटीनं बसली होती.

मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागले. लहानपणी सोलापूरकडे उन्हाळ्यात नदीच्या पात्रात लोकांना झिरा खणताना मी पाहिलं होतं. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा खड्ड्याच्या तळाशी गढूळ पाणी जमायला लागलं. रुमालातून गाळून ते प्यायले. त्या पाण्याची चव मी विसरणार नाही.

मान वर केली, तर माझ्या मनगटावर, घामाच्या डागावर, ते बसलं होतं.

निळं! पंख मिटले की खालच्या बाजूला काळे ठिपके आणि कडेला नारिंगी पट्टी. नखाएवढं. समोरच्याच काठावर रानकुट्टू फुललेलं होतं. मी श्वास धरून पाहत राहिले. पाहिलं! मी ते पाहिलं! पण मी एकटीनंच पाहिलं होतं. कॅमेरा नाही, नीला नाही. संस्थेच्या लेखी ते माझ्या मनगटावर बसलंच नव्हतं.

तेवढ्यात भुंकणं ऐकू आलं. वासराएवढा एक पांढरा कुत्रा झुडपांतून उसळला आणि माझ्यावर धावून आला! मी काठी आडवी धरली. सगळी फुलपाखरं उडाली, निळंही उडालं. वरून एक शिट्टी आली आणि कुत्रा जागच्या जागी थबकला.

काठावर रुंद टोपी घातलेला एक माणूस उभा होता. माझा घोटा बघून तो भराभरा खाली आला आणि पाण्याचा कॅन पुढे केला. "आग्वा," तो म्हणाला. मी घटाघटा प्यायले. त्याला इंग्रजीचे दोनचार शब्दच येत होते, मला स्पॅनिशचे तेवढेही नाहीत. हातवाऱ्यांनी कळलं ते इतकं: त्याचं नाव एलिसेओ. तो पेरू देशातला, कामाच्या व्हिसावर इथे आलेला. पलीकडच्या डोंगरधारेवर एका ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात राहतो, एकटा. आणि सोमवारी येणाऱ्या शेळ्या राखणारा तोच!

मी काठावरच्या झुडपांकडे बोट दाखवलं, शेळीसारखं तोंड हलवून दाखवलं आणि जोरात मान हलवली. नाही! त्याला हसू आलं. मग तो गंभीर झाला. "लुनेस," तो म्हणाला आणि हातानं सगळा उतार दाखवला. सोमवार. सगळं. मग खांदे उडवले. मालक सांगेल तसं, असं त्या खांद्यांनी सांगितलं.

"मारिपोसा," मी म्हटलं. फुलपाखरू. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला तेवढा शब्द येतोच. त्यानं आजूबाजूला पाहिलं. काहीच नव्हतं. मी खूण केली, बस, थांब.

आम्ही सिकमोरच्या सावलीत बसलो. मी थालीपीठ काढलं, अर्धं त्याला दिलं. त्यानं वास घेऊन, विचार करून खाल्लं आणि उरलेल्याकडे बोट दाखवलं. मग तो बोलायला लागला. कुत्र्याविषयी असेल, घराविषयी असेल, मला एक अक्षर कळलं नाही. पण कित्येक दिवसांत कोणाशी न बोललेला माणूस कसा बोलतो ते मला चांगलं माहीत होतं. तो थांबला की मी मराठीत सुरू व्हायचे. नीलाचं सांगितलं, आन्याच्या 'हू'चं सांगितलं, सोमवारच्या मीटिंगचं सांगितलं. तो मान डोलवत होता. मला फार बरं वाटलं, इतकं की लाज वाटली.

मग ते आलं. वाळूवर उतरलं, उडालं आणि एलिसेओच्या मळक्या बाहीवर बसलं.

मी त्याचा हात धरला. हलू नको! तो हलला नाही. त्यानं दुसऱ्या हातानं टोपी काढली आणि नाक बाहीपाशी नेऊन पाहिलं. ठिपके पाहिले, नारिंगी पट्टी पाहिली. पंख उघडले तेव्हा त्याच्या तोंडून हळूच "आय" असा आवाज निघाला. आम्ही दोघांनी पाहिलं, एकाच वेळी!

त्यानं मला जवळजवळ उचलूनच धारेपर्यंत नेलं आणि आपल्या ट्रकमधून फाटकापाशी सोडलं. उतरताना मी पुन्हा झुडपांच्या दिशेनं बोट दाखवून हात जोडले. त्यानं टोपीला हात लावला. त्याला काय कळलं, देव जाणे.

रात्री लॅपटॉपवर नोंद भरली. पहिला निरीक्षक: हिमानी. दुसरा निरीक्षक: एलिसेओ. पाठवल्याबरोबर संस्थेचं आपोआप येणारं उत्तर आलं: बाई रजेवर आहेत, गुरुवारी येतील. मी लॅपटॉप आपटून बंद केला. गुरुवारपर्यंत शेळ्यांनी मुळंसुद्धा ठेवली नसती!

गुरुवारी मेल आला. नोंद मान्य, तुकडा वगळण्यात येईल. मी वाचून कडवट हसले.

शनिवारी घोट्याला पट्टी बांधून, या वेळी नीलाला सगळी वाट कळवून, मी धारेच्या रस्त्यानं गेले. ट्रेलर नव्हता. शेळ्या दुसऱ्या कुठल्या डोंगरावर गेल्या होत्या. अख्खा उतार भादरल्यासारखा दिसत होता, गवताची काडी नाही, झुडपाला पान नाही, नुसती धूळ, लेंड्या आणि खुरांचे ठसे. मी पाय ओढत घळीकडे उतरले. बघायचं धैर्य नव्हतं, पण शून्यसुद्धा लिहावंच लागतं.

काठावर रानकुट्टू उभं होतं.

सगळंच्या सगळं, फुलांसकट. त्याच्या चारी बाजूंनी जाळीचे खुंट रोवल्याची भोकं जमिनीत होती आणि भोकांच्या बाहेर खुरांनी धूळ तुडवलेली होती. आत एकही खूर पडला नव्हता. मालकानं सांगितलं असणं शक्य नव्हतं, मेल तर गुरुवारी आला होता. एलिसेओनं आपल्याच जबाबदारीवर जाळी लावली होती आणि जाताना काढून नेली होती.

मी तिथेच बसले आणि रडले. फुलांवर निळी फुलपाखरं भिरभिरत होती. थोड्या वेळानं नवा फोन काढून मी फोटो घेतले, मोजदाद केली आणि ॲप उघडलं. 'दुसरा निरीक्षक' या रकान्यात नेहमीचं 'कोणी नाही' लिहिताना बोट थांबलं. मी आजूबाजूला पाहिलं. डोंगर रिकामा होता.

मी लिहिलं, 'आज नाही.'