मोडलेला शब्द

“घरात असून तुझं लक्ष होतं तरी कुठे?” नवऱ्याचा आवाज दवाखान्याच्या व्हरांड्यात घुमला आणि बाकांवरची माणसं वळून पाहू लागली.

तिने मान खाली घातली. आत मास्तरांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, कपाळाला टाके पडत होते. पलंगावरून उठून दोन पावलं टाकतात न टाकतात तोच डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते धाडकन कोसळले होते... उभा जन्म शाळेच्या मैदानावर मुलांकडून कवायत करून घेतलेला तो ताठ कण्याचा माणूस!

कारणाचा तिला अंदाज होता आणि तेच बोलायची तिला चोरी होती. महिन्यापूर्वी भल्या पहाटे आपलं धोतर स्वतःच धुताना तिने त्यांना पाहिलं होतं. लघवीला तासन्‌तास ताटकळणं, मग अचानक न आवरणं... शरमेने त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. तिनेच त्यांना समजावून, नेहमीचे सोडून, दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. गोळी सुरू झाली, आराम पडला. पण परतताना ते म्हणाले होते, “हे कुणाला कळता कामा नये. पोरालासुद्धा नाही. शब्द दे मला.” आणि तिने शब्द दिला होता.

टाके घालून झाल्यावर दोघांना आत बोलावलं. रक्तदाब पाहणारे त्यांचे नेहमीचे डॉक्टर कपाळाला आठ्या घालून उभे होते. “उभं केलं की दाब एकदम खाली येतोय. परवा मी नवी गोळी दिली, तिच्याशिवाय आणखी काही घेता का?”

“काही नाही!” मास्तर गरजले आणि त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम होता. पण हुकुमाच्या आड किती केविलवाणी याचना होती!

गप्प राहिलं तर त्यांचा मान राहील... आणि माणूस? नाही! मान गेला तर रागावायला तरी ते राहतील!

“घेतात,” ती ठामपणे म्हणाली. “प्रोस्टेटची गोळी चालू आहे. मीच नेलं होतं त्यांना.”

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. “दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या. ती लघवीची वाट सैल करते, ही रक्तवाहिन्या. दोन्ही मिळून दाब पार उतरला. माझी गोळी बदलतो. पण मास्तर, आज सूनबाई बोलल्या नसत्या तर पुढच्या वेळी कपाळावर निभावलं नसतं.”

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “हिला बाहेर जायला सांगा.”

घरी आल्यावर नवऱ्याने तिचे हात हातांत घेतले. “चुकलो गं मी... नको नको ते बोललो.” तिचे डोळे भरून आले. पण मास्तरांचा अबोला सुटेना. तिने वाढलेलं ताट ते मुलाच्या हातून घेत.

तीही हट्टाला पेटली. रोज सकाळी त्यांच्या दाराशी उभी राहून ती म्हणे, “बाबा, आधी उठून बसा. पाय खाली सोडा. जरा थांबा... आता सावकाश उभे राहा.” ते हूं की चूं करत नसत, पण ती सांगेल तसंच करत. ती ‘उभे राहा’ म्हणेपर्यंत हा कवायतीचा माणूस जागचा हलत नसे!

टाके निघाले, चालणं पूर्ववत झालं. एका संध्याकाळी ती बागेतून त्यांना आणायला गेली, तेव्हा ते जुन्या मित्राशेजारी बाकावर बसले होते. तो मित्र गप्पा अर्ध्यावर टाकून पुन्हा पुन्हा आडोशाला जात होता.

“लाजतोस कुणाला?” मास्तरांचा मैदानावरचा आवाज अवघ्या बागेला ऐकू गेला. “मलाही तेच आहे. डॉक्टरांकडे जा, आणि आधीच्या सगळ्या गोळ्या त्यांच्यापुढे ठेव. सुनेला सोबत ने.”

“छे, सुनेला कसं सांगायचं हे?”

मास्तरांचा तो दणदणीत आवाज एकाएकी ओला झाला.

“सांग रे... पण गप्प बसायचा शब्द तेवढा मागू नकोस तिच्याकडे. मी मागितला होता. बिचारीने माझ्यासाठी मोडला, आणि तिची माफी मागायचं धैर्य मला अजून होत नाही...”

बाकामागच्या झाडाआड थांबून ऐकणाऱ्या तिने पदर तोंडाशी धरला. मग डोळे कोरडे करून ती पुढे झाली आणि नेहमीच्याच स्वरात म्हणाली, “बाबा, चला. सावकाश उठा.”

त्यांनी दचकून वर पाहिलं... आणि आपला हात तिच्यापुढे केला.